सरांच्या नावानं

सोमवार, ३ नोव्हेंबर

आले एकदाची बेळगावला. निपाणीहून सकाळी साडेसातची बस, खिडकीजवळची जागा, मांडीवर काळा कोट. पिशवीत घातलास तर चुरगळेल, असं आईनं बजावलं होतं, म्हणून सगळी वाट तो तान्ह्या पोरासारखा घेऊन बसले. संकेश्वरला शेजारच्या बाईनं विचारलं, कुणाचा गं कोट? माझाच, म्हणाले. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सरकून थोडी जास्त जागा दिली. वकिलीची पहिली कमाई हीच.

खोली कॅम्पात, जयाबाईंच्या घरामागं. त्यांचे यजमान मिलिटरीत होते. ते गेल्यापासून मागची खोली त्या नोकरीवाल्या मुलींना देतात. अटी दोनच. आठच्या आत घरी यायचं, आणि नळाला पाणी आलं की आधी त्यांची भांडी भरायची. खिडकीतून चर्चची भिंत दिसते. ऑफिस चालत सात मिनिटांवर, एका जुन्या बंगल्याच्या पुढच्या भागात. मागच्या भागात सर राहतात. ॲडव्होकेट परशराम हलगेकर. एकोणचाळीस वर्षांची वकिली.

माझ्यासाठी ना कुणी शब्द टाकला, ना कुणाची ओळख होती. वकिलांच्या एका साईटवरची माझी प्रोफाईल वाचून सरांनी स्वतःच मेसेज केला, की तुमचं लिहिणं खरं वाटतं, येऊन भेटा. आई वखारीत तंबाखू निवडते, वडील नाहीत, हे मी आधीच सांगून टाकलं. सर म्हणाले, उत्तम.

आजपासून रोजनिशी लिहायची. वकिलाला लिहायची सवय पाहिजे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

कामाची घडी बसली. सकाळी कोर्ट, दुपारनंतर सरांची प्रोफाईल. वकिलाला जाहिरात करायची मनाई असते, दारावरची पाटीसुद्धा बेताची लावायची. पण ओळख वाढवायला कुणी अडवलेलं नाही, असं सरांचं म्हणणं. वकिलांच्या या साईटवर त्यांच्या ओळखीत अठरा हजार जण आहेत. धारवाडचे, बेंगळुरूचे, आणि कोल्हापूरला हायकोर्टाचं बेंच आल्यापासून तिकडचे तर रोज नवे. एकमेकांकडं पक्षकार पाठवायचे, अभिनंदन करायचं, आणि आठवड्यातून एकदा सरांनी अनुभवाचं काहीतरी लिहायचं. ते लिहायचं काम माझं.

जयाबाईंकडून कळलं, की तीन वर्षांपूर्वी सरांना मेंदूज्वर झाला होता. उठले तेव्हा कायदा सगळा जागच्या जागी, कलमं तोंडपाठ; पण स्वतःचं काहीच उरलं नव्हतं. आईबाप नाहीत, शाळा नाही, वारलेल्या बायकोचा चेहरा नाही. बघून तसं वाटत नाही. उंच, स्वच्छ, हळू बोलणारे. मला अहोजाहो करतात.

ऑफिसात दुसरे गोमटेश अण्णा. पस्तिशीचे असतील, चिकोडीकडच्या जैन घरातले. माझ्याआधी प्रोफाईलचं काम तेच बघायचे, आता फक्त टायपिंग करतात. स्वभाव गरीब. दिवसातून चार वेळा विचारतात, जेवलात? त्यांच्या मोबाईलवर एका बाईचा आणि झबल्यातल्या बाळाचा फोटो आहे. वहिनी का, म्हणून विचारलं. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, की मोबाईलवर होता, तसाच ठेवलाय. फोन जुना घेतला असेल.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज पहिली पोस्ट. मी एक बनवून नेली होती, सरांनी लहानपणी कंदिलाखाली अभ्यास केला वगैरे. सरांनी वाचून कागद परत दिला.

"खोटं टिकत नाही, पारमिता. तुमचंच काहीतरी लिहा. घडलेलं. खाली नाव माझं घाला."

मग मी कन्नड कसं शिकले ते लिहिलं. माझी शाळा मराठी. आईबरोबर वखारीत एक कन्नड बाई होती, ती दुपारच्या सुट्टीत तंबाखूच्या धुळीत बोटानं अक्षरं काढायची आणि मी ओळखलं की गुळाचा खडा द्यायची. निपाणी स्टँडवर बसची पाटी पहिल्यांदा स्वतः वाचली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. हुक्केरी. ओरडलेच. ड्रायव्हर म्हणाला, व्हय, चढ की मग.

पोस्टमध्ये फक्त पोरीचा पोरगा केला. संध्याकाळपर्यंत दोन हजार लाईक. धारवाडच्या एका ज्येष्ठ वकिलांनी लिहिलं, डोळे भरून आले. मलाही बरं वाटलं. नाव कुणाचं का असेना.

शनिवार, १५ नोव्हेंबर

डोळे तपासून घ्यायला पाहिजेत. काल कोर्टात बोर्डावरचं काही लागेना. इंग्रजी दिसतं, मराठी दिसतं. कन्नड म्हणजे नुसती वेटोळी, जिलब्या काढल्यासारखी. शिरस्तेदारांनी काहीतरी विचारलं, मी तशीच उभी. ते पुन्हा बोलले, आवाज चढला. शेवटी गोमटेश अण्णांनी मराठीत सांगितलं, की तारीख विचारतायत.

लाजेनं मेले. ऑफिसात येऊन सरांना सांगणार होते, तर सर फोनवर होते. धारवाडच्या त्या वकिलांशी अस्खलित कन्नडमध्ये बोलत होते, हसत होते. अण्णा म्हणाले, की आजारापासून सरांना कन्नड येत नव्हतं.

परत आलं म्हणायचं. चांगलंच झालं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

आज सनदेवर लिहिलं. इथं जरा सविस्तर लिहून ठेवते, पोस्टमध्ये सगळं बसलं नाही.

सनद घ्यायला आई माझ्याबरोबर बेंगळुरूला आली होती. आयुष्यात पहिल्यांदा. हॉलमध्ये दोनशे जण, एकेकाचं नाव पुकारत होते. माझं नाव आलं आणि मी उठायच्या आत मागून आईचा आवाज, "हाय जी!" वखारीत हजेरी घेताना द्यायची सवय. सगळा हॉल हसला. आई खाली बसायचं विसरून तशीच उभी राहिली, आणि मग मीही हसत हसत पुढं गेले.

हे एवढं पोस्टमध्ये आहे. एक गोष्ट मी गाळली. आईच्या पायातल्या चपला शेजारणीच्या होत्या, दीड बोट मोठ्या. तिनं पुढं वर्तमानपत्राचे बोळे कोंबले होते. ते जगाला कशाला सांगायचं?

पाच हजार लाईक.

रविवार, २३ नोव्हेंबर

घरी जाऊन आले. आईनं मटण केलं होतं. जेवताना शेजारची करिष्मा म्हणाली, काकू त्या बेंगळुरूची गंमत सांगा. आईनं सांगितली. मी हजर होते म्हणे. दोघी हसल्या, म्हणून मीही हसले.

बसमध्ये आठवून बघितलं. बेंगळुरूला गेले असणारच, सनद आहे माझ्याकडं. पण हॉल नाही. आवाज नाही. परत येऊन बुधवारचं पान काढलं. अक्षर माझंच. वाचताना वाटलं की दुसऱ्या कुणाची तरी आई फार चांगली आहे.

मग अकरा तारखेचं पान काढलं. ती वखारीतली कन्नड बाई. गूळ. ड्रायव्हर.

यातलं काहीही माझ्याकडं नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

दार लावून लिहिते.

आज चहाच्या वेळी सर स्वतःहून बोलायला लागले. बेंगळुरूचा हॉल, पुकारलेलं नाव, मागून आलेलं "हाय जी". पोस्टचं सांगतायत म्हणून मी खाली बघत होते. सर रडत होते. मग म्हणाले, "चपलांत कागद होता बघा. वर्तमानपत्राचा. चालताना वाजायचा."

ते मी कुठंच लिहिलं नाही. फक्त इथं. वही माझ्या खोलीत, गादीखाली, कुलपात. आणि कागद वाजायचा हे तर मी इथंही लिहिलेलं नाही.

मी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? सरांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. लाजल्यासारखं.

"आठवतंय मला," ते म्हणाले. "माझ्याकडं काहीच नव्हतं, पारमिता. आजारातून उठलो तेव्हा मला माझी म्हणून एक दुपारसुद्धा आठवत नव्हती."

गोमटेश अण्णांनी मला विचारलं, जेवलात?

दोन्ही पोस्ट काढून टाकल्या. परत काही आलं नाही. खोलीत बसून तास न् तास वाट बघितली.

शनिवार, २९ नोव्हेंबर

ऑफिसच्या बाकावर दर शनिवारी एक बाई बसते, बरोबर चारेक वर्षांचा मुलगा. पक्षकार समजत होते. आज जवळ जाऊन बसले. मोबाईलवरची तीच बाई.

चंदनावहिनी निपाणीहून येतात. अण्णांची बायको. त्या शांतपणे सांगत होत्या, मधूनमधून मुलाला पाणी देत होत्या. अण्णा दोन वर्षं सरांसाठी लिहायचे. आधी शाळेचं, कॉलेजचं. मग लग्नाचं लिहिलं, तेव्हाही वहिनींना कळलं नाही. कामाचा ताण असेल वाटलं.

"मग बाळ झाल्याचं लिहिलं," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी घरी आले, आन् पोराकडं बघून मला विचारलं, हे कुणाचं ओ?"

वाळकेश्वराच्या अंगारेवाल्या बाबांपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळं करून झालं. आता त्या दर शनिवारी येतात आणि अण्णांना सांगतात, मी चंदना. अण्णा नमस्कार करतात.

लिहून दिलेलं तेवढंच जातं, असं त्या म्हणाल्या. लोकांनी वाचलं, अंगठा दाबला, की गेलं. माझा हात धरून म्हणाल्या, "तुमचं अजून लई शिल्लक हाय. जावा इथनं."

सोमवार, १ डिसेंबर

चार दिवस अन्न जात नाही. दार वाजलं तरी दचकते. पडल्या पडल्या माझं काय काय आहे ते मोजते, आईचा आवाज, बाबांची सायकल, शाळेचं पटांगण, आणि मोजताना वाटतं की ऐकू जात असेल त्यांना. बॅग भरली. जयाबाईंना सांगितलं.

सरांना सांगायला गेले. न सांगता पळायला पाहिजे होतं. सरांनी अडवलं नाही. म्हणाले, जा, मी कुणालाच धरून ठेवत नाही. जायच्या आधी एकच लिहून द्या, आणि या वेळी काय लिहायचं ते तुम्हीच ठरवा. काहीही चालेल. तुम्हाला नको असलेलंसुद्धा.

मला नको असलेलं एकच होतं.

भीतीवर लिहिलं. अर्ध्या तासात. लहानपणी गल्लीत शिरताना वाटायची ती, कोर्टात पहिल्यांदा उभं राहताना वाटली ती, या आठवड्यातली. सगळी घातली, तळापर्यंत. ही घ्या म्हटलं. ही एवढी न्या आणि मला सोडा.

पोस्ट झाली.

मंगळवार, २ डिसेंबर

छान झोप लागली. नाश्त्याला दोन पोळ्या खाल्ल्या.

बॅग उघडून कपडे परत लावले. जायचं का होतं ते मागच्या पानांवर लिहिलं आहे. वाचलं. मुद्दे बरोबर आहेत. पण घाई करण्यासारखं काही दिसलं नाही.

ऑफिसात गेले तर सरांनी दार आतून लावून घेतलं होतं. आवाज केला की दचकत होते. दुपारी बाहेर आले. घामाघूम.

शनिवार, ६ डिसेंबर

निपाणीला गेले. दरवर्षी संध्याकाळी सगळी गल्ली मेणबत्त्या घेऊन पुतळ्यापर्यंत चालत जाते. आई पांढरं पातळ नेसली होती. बायका गात होत्या, रडत होत्या. मी मेणबत्ती सरळ धरली. मेण हातावर सांडलं, ते काढून टाकलं.

परतताना आईनं विचारलं, काय झालंय. मी तारीखवार सगळं सांगितलं, दाव्यातली हकिकत सांगावी तसं. आई रस्त्यातच थांबली.

"तुला भ्या वाटत न्हाय?"

नाही म्हणाले.

"मग तुझ्या वाटणीचं मलाच वाटाय लागलंय, पारू. तू जाऊ नगंस."

सोमवारी तारीख आहे. जाणार.

बुधवार, १० डिसेंबर

या आठवड्यात तीन पोस्ट. शाळेवर. वसतिगृहातल्या मैत्रिणीवर. बाबांवर.

बाबांवरची आठ हजारांवर गेली. पाकिटात एका गृहस्थांचा फोटो आहे. मागं आण्णाप्पा असं लिहिलंय.

सरांनी सायकल घेतली. बंगल्याच्या आवारात चालवतात.

शनिवार, १३ डिसेंबर

सरांनी आईवर लिहायला सांगितलं. मी मागची पानं बघून लिहिलं, उरलेलं आठवून. चांगलं झालं.

चंदना नावाच्या बाईंनी बाकावरून विचारलं, आज काय लिहिलंत? सांगितलं. त्यांनी तोंडाला पदर लावला.

सोमवार, १५ डिसेंबर

एक बाई आल्या. पन्नाशीच्या, हातात डबा. मी विचारलं, काय काम आहे, कुठल्या कोर्टातलं. त्यांनी डबा पुढं केला. नाव विचारून रजिस्टरात घातलं. गंगव्वा, निपाणी.

गोमटेश अण्णांनी विचारलं, जेवलात? बाई न्हाय म्हणाल्या.

सर बाहेर आले. बाईंना बघून जागीच थांबले. मग पुढं येऊन त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. साठीचा माणूस.

"आई," म्हणाले. "पाय दुखला असंल की. एवढ्या लांब कशाला आलीस?"

बाईंनी पाय ओढून घेतले. भिंतीला टेकल्या. माझ्याकडं बघत होत्या, सरांकडं बघत होत्या. आवाज सरांचा. लकब कुणाची ते मला माहीत नाही.

संध्याकाळी मागची पानं वाचून कळलं, कोण होत्या त्या. नोंद करून ठेवते.

मंगळवार, १६ डिसेंबर

बाई परत आल्या. रात्री जयाबाईंकडं उतरल्या होत्या. सरांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "साहेब, पोरीचं वय सव्वीस. तिच्याजवळ किती असणार? माझ्याजवळ पन्नास वर्षांचं हाय. माझं घ्या. तिचं तिला द्या."

सर रडले. बराच वेळ. मग मला म्हणाले, त्या सांगतील ते लिहून घ्या.

परत देतो असं ते म्हणाले नाहीत. बाईंनी ते म्हटल्यासारखंच धरलं.

परत येत नाही. २५ तारखेचं पान आहे. मी त्यांना सांगू शकले असते. न सांगायचं कारण नव्हतं. सांगायचं कारणही सापडलं नाही.

बुधवार, १७ डिसेंबर

सकाळपासून आम्ही लिहितोय. बाई सांगतात, मी टाईप करते. एक झालं की टाकायचं, मग पुढचं. त्यांचं लग्न गेलं. सासू गेली. नवऱ्याचं आजारपण —

चहा आला. तेवढ्यात हे लिहिते.

बाई थांबल्या. विचारलं, कुठवर आलतो आपण? सांगितलं. व्हय व्हय म्हणाल्या. आवाज बारीक —

सर आतून गातायत. ओवी असावी —

दुपार. वखारीतलं झालं. कळा तिथंच सुरू झाल्या, घरी न्यायला वेळ नव्हता, बायकांनी पोती आडवी लावली. पोरगी जन्मली आणि रडायच्या आधी शिंकली. तंबाखूनं. सगळ्या बायका हसल्या. बाई सांगताना माझ्या केसांवरून हात फिरवत होत्या. मी टाईप करत होते म्हणून हलले नाही.

टाकली पोस्ट.

माझ्या केसांवरचा त्यांचा हात थांबला. मग त्यांनी तो मांडीवर घेतला, आणि बघत बसल्या, कुणाचा आहे तसा —

म्हणाल्या, बाई, वाचून दाखवा की काय लिवलंय. वाचलं. ऐकताना हसल्या. चांगलं हाय म्हणाल्या. मग माझ्याकडं वाकून हळूच विचारलं, ही शिंकलेली पोरगी कोण ओ?

मी म्हणाले, ती — थांबा, मागची पानं बघून सांगते.